चौकातील हिरवा दिवा कोणासाठी?

लाल दिवा दिसला की थांबावे आणि हिरवा दिसला की चालावे, हे वाक्य आपल्या शाळांतील दुसरीची मुलेही तोंडपाठ म्हणून दाखवितात. वाक्य चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्याचा अपुरेपणा जिवावर बेतू शकतो. ही गोष्ट प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात आली ती वर्गात नव्हे, तर सानपाड्यास, रस्त्याच्या कडेला उभे असताना.

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील शाळेच्या सहावीच्या मुलांबरोबर सहलीस जाण्याचा योग आला होता. रेल्वेने सानपाडा स्थानकावर उतरून आम्ही पायीच पाम बीच मार्गापर्यंत गेलो. पुढे चालणारी मुलगी वर्गात पहिली येणारी होती. रस्त्यावर टांगलेला मोठा दिवा लालचा हिरवा झाला, तशी "सर, हिरवा झाला," असे म्हणून तिने पाऊल खाली टाकले. तो दिवा वाहनांचा होता. ज्या वाहनांच्या पुढून ती जाणार होती, त्यांनाच तो 'चला' म्हणून सांगत होता. सोबतच्या बाईंनी तिचे दप्तर धरून तिला मागे ओढले म्हणून निभावले. मुलगी रडली नाही. तिने विचारले, "पण बाई, हिरवा म्हणजे चला ना?" त्या वेळी आम्हां तिघा शिक्षकांपैकी एकालाही तिला चटकन उत्तर देता आले नाही. तिला जे शिकविले होते, ते तिने तंतोतंत आचरणात आणले होते. दोष शिकविण्यात होता.

सानपाड्याचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. हे मूळचे आपल्याच ठाणे जिल्ह्यातील एक गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९७३ साली वाशीच्या खाडीवर पूल झाला, १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत रेल्वे आली व नंतर ती बेलापूरकडे वाढविण्यात आली. त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिकाही अस्तित्वात आली. एका बाजूस सायन-पनवेल महामार्ग, दुसऱ्या बाजूस वाशीहून बेलापूरकडे जाणारा पाम बीच मार्ग, आणि जवळच तुर्भ्याच्या घाऊक बाजारात ये-जा करणारे मालमोटारींचे तांडे, अशा वेढ्यात आज ते वसले आहे. जेथे आजोबा बांधावरून चालत होते तेथे नातवास सहा मार्गिकांचा रस्ता ओलांडावा लागतो. आपल्या खेड्यांपैकी कित्येकांच्या दारात असे रस्ते आता येत आहेत. आणि जेथे येणार नाहीत, तेथील मुले शिक्षणासाठी वा पोटासाठी या रस्त्यांपर्यंत जाणारच आहेत. तेव्हा 'आमच्या गावात सिग्नलच नाही, तर शिकवावयाचे कशाला' हा आक्षेप फारसा टिकणारा नाही. सिग्नल ज्याने रोज पाहिला आहे त्या मुलापेक्षा ज्याने कधीच पाहिला नाही त्यालाच या शिक्षणाची गरज अधिक.

मुलांना प्रथम दिवा दाखवू नये; प्रथम चौक दाखवावा. दोन रस्ते एकमेकांस छेदतात तेथे चार दिशांनी वाहने येतात. प्रत्येक वाहन सरळ जाऊ शकते, डावीकडे वळू शकते किंवा उजवीकडे वळू शकते. म्हणजे चार त्रिक बारा वाटा झाल्या. या बारा वाटा फळ्यावर रंगीत खडूंनी काढल्या, तर त्या परस्परांना कोठे छेदतात, कोठे मिळतात आणि कोठे फुटतात हे मोजता येते. प्रत्येक बाजूस येण्याची एक व जाण्याची एक मार्गिका धरली, तर अशी ठिकाणे बत्तीस भरतात. पैकी सोळा ठिकाणी वाटा एकमेकींस सरळ छेदतात. याच चौकाच्या मध्यभागी वर्तुळ बांधून सर्व वाहनांना त्याभोवती एकाच दिशेने फिरावयास लावले, तर बत्तिसाची आठ ठिकाणे उरतात. मुलांना ही मोजणी फार आवडते, असा अनुभव आहे. मोजून झाल्यावर त्यांना सांगावे की, या बत्तीस ठिकाणी दोन वाहने एकाच क्षणी येऊ नयेत म्हणून वेळेची वाटणी करणारे यंत्र म्हणजे सिग्नल. विहिरीचे पाणी शेतकरी पाळीपाळीने घेतात, तशी येथे रस्त्याची पाळी असते. दिवा हिरवा होतो म्हणजे रस्ता मोकळा होतो असे नव्हे. आपली पाळी येते, एवढेच. आणि कोणाची पाळी, हे ओळखणे हाच सर्व विषयाचा गाभा आहे.

दिव्याच्या इतिहासात वर्गाचा फार वेळ घालविण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट मुले विसरत नाहीत. पहिला वाहतूक दिवा डिसेंबर १८६८ मध्ये लंडन येथे पार्लमेंटच्या इमारतीजवळ उभारला गेला. तो रेल्वेच्या सिग्नलवरून सुचलेला होता व वायूवर जळत असे. महिनाभरातच वायू गळून त्याचा स्फोट झाला आणि तो फिरविणारा पोलीस शिपाई जखमी झाला. विजेचा दिवा अमेरिकेत क्लीव्हलँड शहरी १९१४ साली लागला. पुढे १९२० साली डेट्रॉईट येथे एका पोलीस अधिकाऱ्याने लाल व हिरवा यांच्यामध्ये पिवळ्याची भर घातली. त्या पिवळ्याची गरज का भासली, हा प्रश्न मात्र वर्गात अवश्य विचारावा, कारण त्याच्या उत्तरात गणित आहे.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. चालकास दिवा दिसला, त्याच्या मनाने निर्णय घेतला आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यास किमान एक सेकंद तरी जातो. त्यानंतर चांगल्या, कोरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबला तर वाहन आणखी सुमारे १२ मीटर जाऊन थांबते. एकूण २३ मीटर झाले. आता वेग ताशी ६० करावा. विचाराच्या सेकंदात वाहन जवळजवळ १७ मीटर जाते आणि ब्रेक दाबल्यावर सुमारे २८ मीटर; एकूण ४५ मीटरच्या आसपास. वेग दीडपट झाला, परंतु ब्रेकनंतरचे अंतर सव्वादोन पट झाले, हे सातवीच्या मुलांनी स्वतः काढून पाहावे. ही अंतरे कोरड्या डांबरावरची व सावध चालकाची आहेत. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल व चिखल यांचा थर बसलेला असतो, तेव्हा ती पुष्कळच वाढतात. भरलेल्या मालमोटारीची तर बोलावयासच नको.

म्हणजेच दिवा हिरव्याचा एकदम लाल झाला असता, तर जे वाहन त्या क्षणी २० मीटरवर आहे त्याला थांबणे शक्यच नव्हते. अशा वाहनांना निघून जाता यावे व मागील वाहनांना सावकाश थांबता यावे, म्हणून मध्ये सामान्यतः तीन ते पाच सेकंद पिवळा दिवा ठेवितात. पिवळ्याचा अर्थ 'घाई करा' असा नाही. थांबारेषेपूर्वी सुखरूप थांबता येत असेल तर थांबा, असा आहे. पुष्कळ चालक त्याचा उलटा अर्थ करतात, हे आपण रोज पाहतो. म्हणून पायी चालणाऱ्याने दोन गोष्टी मनाशी बांधून ठेवाव्यात. वाहनांचा दिवा पिवळा झाला म्हणून पाऊल टाकू नये. तो लाल होऊन आपला हिरवा झाला तरी, वाहने खरोखर थांबली आहेत असे डोळ्यांनी पाहिल्यावाचून टाकू नये. काही चौकांत सेकंद उलटे मोजणारे आकडे दिसतात. ते शून्यावर येण्यापूर्वीच काही वाहने सुटतात, हेही सांगून ठेवावे.

दिव्यांचा क्रम ठरलेला असतो. उभ्या खांबावर लाल वर, पिवळा मध्ये, हिरवा खाली. काही जणांस, विशेषतः पुरुषांस, लाल व हिरवा यांतील फरक नीट कळत नाही. त्यांना जागेवरून ओळखता यावे हा या क्रमाचा एक मोठा फायदा. आपल्या वर्गातही असा एखादा मुलगा असू शकतो, आणि तो चित्रांत रंग चुकवितो म्हणून मार खाणे योग्य नव्हे. हिरवा बाण दिसला तर ज्या दिशेस बाण आहे त्याच दिशेच्या वाहनांची पाळी असते. पिवळा दिवा नुसता लुकलुकत असेल तर सावकाश व जपून जावे; लाल लुकलुकत असेल तर आधी पूर्ण थांबावे, दोन्ही बाजू पाहाव्यात, मग पुढे जावे. चौकात पोलीस उभा राहून हात दाखवीत असेल तर दिव्यापेक्षा त्याचा हात मोठा. पायी चालणाऱ्यांसाठी लहान वेगळा दिवा असतो. त्यात उभा लाल माणूस म्हणजे थांबा, चालता हिरवा माणूस म्हणजे ओलांडा. हिरवा माणूस लुकलुकू लागला तर जे मध्ये आहेत त्यांनी ओलांडून घ्यावे, जे कडेला आहेत त्यांनी उतरू नये. सानपाड्याच्या त्या मुलीला आम्ही नंतर हाच फरक दाखविला. ती म्हणाली, "माणसाचे चित्र असेल तो माझा." यापेक्षा सोपी व्याख्या लेखकास अद्याप सुचलेली नाही. ज्या चौकात तो लहान दिवा नाही अथवा बंद आहे, तेथे आपण ज्यांच्या पुढून जाणार त्या वाहनांना लाल हवा, हा नियम. तेथेही वळून येणाऱ्या वाहनांकडे लक्ष हवेच.

ही वळणारी वाहने समजण्यासाठी मार्गिकांचे नियम ठाऊक असावे लागतात. आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात. रुंद रस्त्यावर तुटक पांढऱ्या रेषांनी जे पट्टे आखलेले असतात त्यांस मार्गिका किंवा लेन म्हणतात. मोठ्या रस्त्यावर एका मार्गिकेची रुंदी साधारण साडेतीन मीटर असते. हळू जाणाऱ्याने डावीकडे राहावे. ज्याला डावीकडे वळावयाचे आहे त्याने चौकाच्या बऱ्याच अलीकडे अगदी डावी मार्गिका धरावी. ज्याला उजवीकडे वळावयाचे आहे त्याने उजवी धरावी व वळून नव्या रस्त्याच्या डाव्या अंगास जावे. सरळ जाणाऱ्याने मधून जावे. डांबरावर पांढरे बाण काढलेले असतात ते हेच सांगतात. तुटक रेषा मागचा-पुढचा अंदाज घेऊन व खूण करून ओलांडता येते. चौकाजवळ ती अखंड होते, तेथून पुढे मार्गिका बदलू नये. थांबारेषा ही झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे असते. वाहनाने त्या रेषेमागे थांबावयाचे, पट्ट्यांवर नव्हे. पट्ट्यांवर चढून उभ्या राहणाऱ्या वाहनामुळे पायी चालणारा त्याला वळसा घालून चौकाच्या मध्याकडे ढकलला जातो. हा दोष चालकांना फार किरकोळ वाटतो, तो तसा नाही. जेथे सिग्नल नाही अशा सारख्याच महत्त्वाच्या रस्त्यांच्या चौकात उजवीकडून येणाऱ्यास आधी जाऊ द्यावे, आणि वर्तुळाच्या चौकात जो आधीच वर्तुळात आहे त्याचा मान पहिला, असा संकेत आहे. चौकात पिवळ्या रेषांची जाळी आखलेली असेल तर पुढे बाहेर पडण्यास जागा असल्यावाचून तीत शिरू नये.

सायकल चालविणाऱ्या मुलांस एक गोष्ट निराळी बसवून सांगावी. मोठी बस किंवा मालमोटार डावीकडे वळते तेव्हा तिची मागील चाके पुढील चाकांच्या वाटेने जात नाहीत; ती आतल्या बाजूने, कडेस घासून जातात. शिवाय चालकास आपल्या डाव्या कुशीतील बराचसा भाग दिसतच नाही. लाल दिव्यापाशी उभ्या असलेल्या मालमोटारीच्या डावीकडे सायकल घुसवून उभे राहणे यासारखा दुसरा धोका नाही. बैलगाडी वळविताना आतल्या बाजूच्या चाकाखाली बांधाची माती येते, हे मुलांनी पाहिलेले असते. त्यावरून त्यांना हे लगेच कळते.

आता पाहावयाचे कोठे? याविषयी एक गोंधळ हल्ली नव्याने शिरला आहे. परदेशी चित्रांवरून तयार झालेल्या तक्त्यांत 'आधी डावीकडे पाहा, मग उजवीकडे' असे छापलेले आढळते. ते अमेरिकेसारख्या, वाहने उजवीकडून चालविणाऱ्या देशांसाठी बरोबर आहे. आपल्याकडे कडेवरून उतरणाऱ्या माणसाजवळ पहिले वाहन येते ते उजवीकडून. म्हणून आपल्या मुलांनी आधी उजवीकडे, मग डावीकडे, आणि पाऊल टाकण्यापूर्वी पुन्हा उजवीकडे पाहावे. दुभाजक असेल तर तेथे थांबून दुसऱ्या अर्ध्या भागासाठी डावीकडे पाहावे. भिंतीवर लावण्यापूर्वी तक्ता एकदा तपासून घ्यावा. दुसरा गोंधळ जुना व घरचा आहे. 'नेहमी डावीकडून चाला' हा पाठ वाहनांसाठी आहे. पदपथ असेल तर पदपथावरूनच चालावे. परंतु पदपथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालणे हितावह, म्हणजे येणारे वाहन पाठीवर येत नाही, डोळ्यांसमोर येते. आपल्या खेड्यांच्या रस्त्यांवर, संध्याकाळी शाळेतून परतताना, ही सवय सिग्नलच्या ज्ञानापेक्षाही उपयोगी पडेल.

प्रत्यक्ष पाठ शाळेच्या अंगणातच घ्यावा. चुन्याच्या फक्कीने चौक आखावा. प्रत्येक रस्त्यावर थांबारेषा, पट्टे व बाण काढावेत. पुठ्ठ्याच्या तीन चकत्यांना पतंगी कागद लावून मागे विजेरी धरली की दिवा तयार होतो. काही मुले वाहने होतात, काही पादचारी. पहिली पाच मिनिटे दिव्यावाचून खेळू द्यावे. कोण कोणावर आदळले याची नोंद दोन मुलांनी फळ्यावर करावी. मग दिवा आणावा व पुन्हा नोंद करावी. तिसऱ्या वेळी एका वाहनाने मुद्दाम लाल दिवा तोडावा, आणि हिरवा माणूस पाहून निघालेल्या पादचाऱ्यास ते वेळेवर दिसते किंवा नाही ते पाहावे. बहुतेक वेळा दिसत नाही. मुले त्यावर जे बोलतात ते ऐकण्यासारखे असते, शिक्षकाने त्या वेळी फार बोलू नये.

वरच्या वर्गांत कायद्याचाही उल्लेख व्हावा. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे, व त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. लाल दिवा तोडणे हे त्या दुरुस्तीनंतर धोकादायक वाहन चालविण्याच्या व्याख्येत स्पष्टपणे आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड, अशी शिक्षा सांगितली आहे, आणि त्या मुलास वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. आठवीचा मुलगा वडिलांची मोटारसायकल घेऊन शाळेत येतो व गावास त्याचे कौतुक वाटते, असे प्रसंग आपल्याकडे दुर्मिळ नाहीत. पालकसभेत हे कलम वाचून दाखविणे अप्रिय असले तरी टाळू नये.

शेवटी सहलीविषयी. चाळीस मुलांची दोन-दोनची रांग केली तर वीस जोड्या होतात. जोडीजोडीत एक मीटर अंतर धरले तर रांग १९ मीटर लांब होते. तीन मार्गिकांचा अर्धा रस्ता साडेदहा मीटर रुंद. रांगेतील मूल सेकंदास एक मीटर चालते असे मानले, तर पहिल्या जोडीने पाऊल टाकल्यापासून शेवटची जोडी दुभाजकावर पोचेपर्यंत साडेएकोणतीस सेकंद लागतात. पादचाऱ्यांचा हिरवा जर वीस सेकंदांचा असेल, तर शेवटच्या दहा जोड्या वाहनांपुढे सापडतात. म्हणून एका वेळी आठांहून अधिक जोड्या सोडू नयेत. त्यांस साडेसतरा सेकंद लागतात. चाळीस मुलांचे तीन गट करावेत व प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस द्यावे. आधी दुभाजकाची रुंदी पाहून घ्यावी. सोळा मुले उभी राहतील एवढी ती नसेल तर गट आणखी लहान करावेत. गटातील मोठ्या माणसाने पुढे न चालता वाहने येतात त्या अंगास, मुलांच्या बरोबरीने चालावे. ओलांडून गेलेल्या गटाने पलीकडे पदपथावर भिंतीकडे सरकून थांबावे, म्हणजे मागून येणाऱ्यांना चढावयास जागा राहते. पुढच्या वर्षी त्याच शाळेची सहल आम्ही याच रीतीने नेली. या खेपेस बाईंना कोणाचे दप्तर धरावे लागले नाही. मात्र तीन गटांना मिळून सहा हिरवे दिवे लागले आणि पुढची गाडी चुकली.